जगदीश भगवती आणि व्यापाराचं अर्थशास्त्र: सारखे सारखे येणारे प्रश्न

भगवतींबद्दल मेसेजमध्ये येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच सगळे इथे टाकतोय. स्पर्धा परीक्षावाले विचारतात ते आधी, एमएवाले अडतात ते नंतर. एकच गोष्ट दोनदा लिहायचा कंटाळा आहे त्यामुळे जिथे उत्तर दुसरीकडे आहे तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. भगवती म्हणजे ते जनहित याचिकावाले न्यायमूर्ती ना?

नाही, ते त्यांचे मोठे भाऊ. पी. एन. भगवती १९८५-८६ मध्ये सरन्यायाधीश होते. वडील एन. एच. भगवती पण सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती, आणि आणखी एक भाऊ मुंबईतले नावाजलेले न्यूरोसर्जन. जगदीश भगवती हे अर्थतज्ज्ञ, जन्म २६ जुलै १९३४, मुंबई. आंतरराष्ट्रीय व्यापार आणि विकास या दोन विषयांत त्यांचं अख्खं करिअर गेलं. परीक्षेत दोघा भावांची अदलाबदल करणारे दरवर्षी भेटतात, तुम्ही करू नका.

२. मुंबईचा मुलगा थेट केंब्रिजला कसा पोचला?

घर गुजराती, सुशिक्षित आणि कायद्याचं, त्यामुळे "गरिबीतून वर आले" टाईप स्टोरी इथे नाही, उगाच शोधू नका. चर्चगेटच्या सिडनहॅम कॉलेजमधून पदवी घेतली. हे तेच सिडनहॅम जिथे १९१८ ते १९२० डॉ. आंबेडकर राज्य अर्थशास्त्र शिकवायचे. तिथून केंब्रिजचं सेंट जॉन्स कॉलेज, १९५६ ला बीए. मग अमेरिकेत एमआयटी, मध्ये ऑक्सफर्डचं नफिल्ड कॉलेज, आणि एमआयटीची पीएचडी, मार्गदर्शक चार्ल्स किंडलबर्गर. केंब्रिजला त्यांना हॅरी जॉन्सन शिकवायला होते आणि व्यापाराची गोडी तिथेच लागली. त्या काळात सेंट जॉन्सला आणखी एक भारतीय मुलगा शिकत होता, मनमोहन सिंग. त्याचं पुढचं प्रश्न १३ मध्ये.

३. नोकऱ्या कुठे कुठे केल्या? क्रमाने सांगा, नोट्समध्ये घोळ आहे.

१९६१ ला भारतात परत आले. आधी दिल्लीत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, मग दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराचे प्राध्यापक. १९६८ ला एमआयटी, १९८० पासून कोलंबिया विद्यापीठ, न्यूयॉर्क. मधल्या काळात १९७१ ला जर्नल ऑफ इंटरनॅशनल इकॉनॉमिक्स सुरू केलं, १९९१ ते ९३ गॅटचे (डब्ल्यूटीओच्या आधीची जागतिक व्यापार कराराची व्यवस्था) महासंचालक आर्थर डंकेल यांचे सल्लागार, २००० ला पद्मविभूषण.

घोळ बहुतेक वेळा दिल्लीच्या वर्षांचा असतो. लोकांना वाटतं की हा माणूस कायम अमेरिकेत बसून भारताला उपदेश करत होता. तसं नाहीये. साठच्या दशकातली महत्त्वाची वर्षं ते दिल्लीत होते, नियोजनाच्या वर्तुळात उठबस होती, नियोजन आयोगातल्या पीतांबर पंतांबरोबर "तळातल्या लोकांचं किमान उत्पन्न कसं वाढेल" यावर काम केलं. लायसन्सचा कारभार त्यांनी जवळून पाहिला, आणि पुढचं सगळं त्यातून आलं असं माझं मत आहे.

४. इमिझरायझिंग ग्रोथ म्हणजे नक्की काय? पाठ्यपुस्तकातली आकृती डोक्यावरून जाते.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आकृती बाजूला ठेवा, लासलगावला चला. पाऊस चांगला झाला, कांदा भरपूर आला, भाव कोसळला. शेतकऱ्याने मागच्या वर्षीपेक्षा दीडपट माल विकला आणि हातात कमी पैसे आले. भगवतींनी हेच पूर्ण देशाच्या बाबतीत मांडलं: देशाचं उत्पादन वाढलं, पण वाढ सगळी निर्यातीच्या मालात झाली, तो माल जगाच्या बाजारात ओतला, भाव इतका पडला की व्यापारशर्ती (आपल्या निर्यातीच्या बदल्यात किती आयात मिळते ते) बिघडून जेवढं कमावलं त्यापेक्षा जास्त गमावलं. म्हणजे वाढ झाली आणि देश आधीपेक्षा गरीब झाला.

लेख आला १९५८ मध्ये, रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक स्टडीजमध्ये, जेमतेम काही पानांचा, आणि बराचसा भूमितीवर. लेखक तेव्हा पंचविशीच्या आत.

आता कांद्याची उपमा कुठे तुटते तेही समजून घ्या, कारण मार्क तिथे जातात. लासलगावच्या शेतकऱ्याचं जे नुकसान झालं तो पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाचा फायदा झाला, पैसा देशातच राहिला. भगवतींच्या मॉडेलमध्ये गिऱ्हाईक परदेशी आहे, त्यामुळे फायदा देशाबाहेर जातो. म्हणून "कांद्याचे भाव पडले म्हणजे इमिझरायझिंग ग्रोथ" असं उत्तरात लिहू नका. जवळचं उदाहरण ब्राझीलच्या कॉफीचं, तिकडे १९३० च्या दशकात भाव सावरायला सरकारने कॉफी अक्षरशः जाळली होती.

५. मग विकसनशील देशांनी निर्यात वाढवूच नये असं ते म्हणतात का?

अजिबात नाही, उलट. तो लेख "असं होऊ शकतं, आणि होण्यासाठी अमुक अमुक अटी लागतात" एवढंच सांगतो. देश त्या मालाचा जगातला मोठा विक्रेता पाहिजे, परदेशातली मागणी भावाला फारशी दाद देणारी नको, आणि वाढ निर्यातीच्या बाजूलाच झुकलेली पाहिजे. छोटा देश जगाचा भाव हलवूच शकत नाही, त्याला ही भीती नाही.

शिवाय पन्नासच्या दशकात निर्यातीबद्दल निराशेचा सूर सगळीकडे होता, "आपला माल घेणार कोण" असा, आणि पुढे भगवतींचं करिअर त्या निराशेच्या विरोधात गेलं. दैव बघा, त्याच लेखाचा दाखला देऊन लोक निर्यातीला घाबरवत राहिले.

पुढची पायरी एमएवाल्यांसाठी. देशाची बाजारात खरंच ताकद असेल तर आयात-निर्यातीवर योग्य तेवढा कर लावून तो हे नुकसान टाळू शकतो. म्हणजे नुकसानीचं मूळ वाढीत नाहीये, वाढ होताना धोरण चुकीचं होतं यात आहे. १९६८ ला त्यांनी स्वतःच हे व्यापक केलं: अर्थव्यवस्थेत कुठलीही विकृती (म्हणजे भाव किंवा मजुरी चुकीचा इशारा देतेय अशी अवस्था) तशीच सोडून दिली असेल तर वाढ नुकसानीची ठरू शकते. ज्यांना फक्त १९५८ माहिती आहे त्यांनी अर्धाच भगवती वाचलाय.

६. भगवती-रामस्वामी प्रमेय एका वाक्यात सांगा ना.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं करू नका. झालं एक वाक्य.

थोडं जास्त हवं असेल तर, १९६३ चा लेख, जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमीमध्ये, सोबत लेखक व्ही. के. रामस्वामी, जे सरकारी अर्थतज्ज्ञ होते आणि फार लवकर, १९६९ ला गेले. तेव्हा असा युक्तिवाद चालायचा की कारखान्यातली मजुरी शेतीपेक्षा उगाच जास्त असते, त्यामुळे उद्योग मागे पडतात, म्हणून उद्योगांना टॅरिफचं, म्हणजे आयातशुल्काचं, संरक्षण द्या. हे दोघं म्हणाले, दुखणं मजुरीच्या बाजारात आहे ना, मग सबसिडी मजुरीवर द्या. टॅरिफ लावलं की उद्योगाला मदत होते खरी पण गिऱ्हाइकाला तोच माल महाग पडतो, म्हणजे एक दुखणं थोडं कमी करायला दुसरं नवीन तयार केलं. टॅरिफ कधी योग्य? जेव्हा दुखणंच परदेशी व्यापारात असतं तेव्हा, जसं प्रश्न ५ मधला मोठा देश.

मला विचाराल तर भगवतींच्या सगळ्या कामातला सगळ्यात कामाचा तुकडा हाच आहे. "मुक्त व्यापार चांगला" हे रिकार्डोपासून सगळे म्हणतात. पण बाजार फसतो हे मान्य करूनही टॅरिफ बहुतेक वेळा चुकीचंच औषध ठरतं, हे यांनी दाखवलं. त्याआधी "बाजार फसतो, म्हणून संरक्षण" ही उडी सहज मारली जायची. कुठलीही सरकारी योजना वाचताना मी आधी हाच प्रश्न लावून बघतो आणि बऱ्याचदा तिथेच ती गळते.

७. कांदा निर्यातबंदी या नियमात बसते का? (नाशिककडून हा प्रश्न दर सीझनला येतो)

भगवतींनी कांद्यावर लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, त्यांचा नियम लावून मी सांगतोय. ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबरला थेट बंदी आली, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं. सरकारचा हेतू काय तर शहरातल्या गरीब गिऱ्हाइकाला कांदा परवडावा. ठीक आहे, हेतू चांगला. पण दुखणं गरिबाच्या खिशात आहे, निर्यातीत नाही. निर्यात अडवली की कांदा श्रीमंतालाही स्वस्त मिळतो आणि त्याचं बिल शेतकरी भरतो. नियमाप्रमाणे आधी गरिबाला थेट मदत, मग साठवणूक वगैरे, आणि सगळ्यात शेवटी निर्यातीला हात.

"पण थेट मदत पोचायला वेळ लागतो आणि भाव आठवड्यात दुप्पट होतो" हा आक्षेप बरोबर आहे, आणि थिअरी तिथे थोडी अपुरी पडते. तरीही तात्पुरता उपाय म्हणून आणलेली बंदी महिनोन्‌महिने का चालते याचं उत्तर अर्थशास्त्रात नाही, निवडणुकीच्या कॅलेंडरमध्ये शोधा.

८. लायसन्स राजवर त्यांनी नेमकं काय काम केलं? सगळे फक्त "टीका केली" एवढंच लिहितात.

टीका तर राजाजीही करत होते, "परमिट राज" वगैरे. भगवतींनी यंत्र उघडून आतले दातेरी चाक कसं फिरतं ते दाखवलं. १९७० ला पद्मा देसाईंबरोबर भारताच्या औद्योगिक नियोजनावरचं पुस्तक आलं, १९७५ ला टी. एन. श्रीनिवासन यांच्याबरोबर परकी व्यापाराच्या धोरणावरचं. दोन्ही जाडजूड आणि तपशिलाने भरलेली.

एक नमुना बघा. समजा १९६४ मध्ये तुमचा पुण्यात छोटा कारखाना आहे आणि एक मशीनचा पार्ट जर्मनीहून हवाय. तुम्हाला वापरकर्ता म्हणून आयात लायसन्स लागणार. त्यासाठी दोन गोष्टी सिद्ध करायच्या: ही वस्तू अत्यावश्यक आहे, आणि ती देशात मिळत नाही. दोन्हीसाठी संबंधित खात्याची शिफारस लागणार. आता गंमत दुसऱ्या अटीत आहे. देशात कोणीतरी तो पार्ट बनवतो एवढं पुरेसं होतं, तो किती महाग देतो, कसा देतो, कधी देतो याला काही किंमत नाही. म्हणजे भारतात एकाने दुप्पट किमतीत भंगार पार्ट बनवायला सुरुवात केली की त्याला आपोआप पूर्ण संरक्षण, आणि तुमच्या मशीनची वाट लागली तरी सरकारी कागद ओके. टॅरिफ असतं तर निदान संरक्षणाला काही मर्यादा असती, २० टक्के म्हणजे २० टक्के. इथे मर्यादाच नाही, आणि कुठल्या उद्योगाला किती संरक्षण मिळतंय हे सरकारला स्वतःलाही माहिती नव्हतं.

दुसरं, लायसन्स कोणाला किती द्यायचं ते बऱ्याचदा कारखान्याच्या क्षमतेवर ठरायचं. मग काय, लोकांनी क्षमता वाढवून ठेवली, ती वापरात नसली तरी चालेल, जास्त लायसन्स तर मिळतंय. भांडवलाची टंचाई असलेल्या देशात रिकामी मशीनं उभी. आणि निर्यातदारांना बक्षीस म्हणून मिळालेली आयातीची परवानगी बाजारात भरघोस प्रीमियमने विकली जायची, त्यामुळे कागदावर निर्यातीचे आकडे फुगवायचा मोह.

हे सगळं वाचताना राग येतो, पण लेखकांचा सूर थंड आहे, म्हणून ते जास्त लागतं.

९. १९६६ चं अवमूल्यन तर फसलं ना? मग खुल्या धोरणाची थिअरी चुकलीच की.

६ जून १९६६ ला डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला. इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन काही महिनेच झालेले, सगळीकडून शिव्या पडल्या, अमेरिकेपुढे झुकल्या वगैरे. निर्यात लगेच वाढली नाही आणि "अवमूल्यन भारतात चालत नाही" असं समीकरण पक्कं झालं ते पुढे पंचवीस वर्षं.

भगवती-श्रीनिवासन यांचं म्हणणं असं की आधी नेमकं किती अवमूल्यन झालं ते तरी मोजा. रुपया स्वस्त केला त्याच वेळी निर्यातीच्या सबसिड्या काढल्या, ताग-चहासारख्या मालावर निर्यात कर बसवला, काही आयातशुल्कही कमी केलं. म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने बरंचसं काढून घेतलं, निर्यातदाराच्या हातात पडलं ते दिसतं त्यापेक्षा खूप कमी. वर १९६५-६६ आणि १९६६-६७ असे लागोपाठ दोन दुष्काळ. शेतीमाल आणि त्यावर चालणारे उद्योग कोसळले, ते अवमूल्यन नसतं झालं तरी कोसळलेच असते.

हे पटतं मला. फक्त एक आहे, राजकारणात वस्तू कशी दिसते तेच खरं ठरतं, आणि त्या बाजूला अर्थतज्ज्ञ लोक तेव्हाही कच्चे होते.

१०. रेंट सीकिंग आणि डीयूपी एकच का?

चुलत भावंडं. रेंट सीकिंग हे अर्थतज्ज्ञ ॲन क्रुगर यांचं, त्यांनी १९७४ मध्ये दाखवलं की लायसन्सला किंमत असली की ते मिळवण्यासाठी लोक वेळ-पैसा-माणसं खर्च करतात आणि ते सगळं वाया जातं. भारताचा १९६४ चा त्यांचा अंदाज होता राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के रक्कम अशा लाभांची. भगवतींनी १९८२ ला डीयूपी (डायरेक्टली अनप्रॉडक्टिव्ह प्रॉफिट-सीकिंग) हे मोठं छत्र उघडलं: नफा मिळतो पण समाजासाठी काहीच तयार होत नाही असे सगळे खटाटोप त्यात आले. लायसन्सच्या मागे धावणं आलंच, शिवाय टॅरिफ लावून घ्यायला लॉबिंग करणं आलं आणि टॅरिफ चुकवायला स्मगलिंग पण आलं.

परीक्षक विचारतात तो अपवाद: असा फुकटचा खटाटोप कधी देशाच्या फायद्याचा ठरू शकतो का? हो. आधीच टॅरिफमुळे एखाद्या चुकीच्या उद्योगात गरजेपेक्षा जास्त भांडवल अडकलेलं असेल, आणि लॉबिंगसाठी त्यातूनच माणसं-पैसा बाहेर ओढला गेला, तर कमी नुकसानही होऊ शकतं. प्रश्न ५ मधल्या १९६८ च्या मुद्द्याचंच हे उलटं रूप.

११. पद्मा देसाई म्हणजे फक्त पत्नी का? त्यांच्याबद्दल कोणी लिहीतच नाही.

योग्य तक्रार आहे. पद्मा देसाई मूळच्या सुरतच्या, मुंबई विद्यापीठात शिकल्या, १९६० ला हार्वर्डची पीएचडी, दिल्ली स्कूलमध्ये शिकवलं, आणि नंतर सोव्हिएत अर्थव्यवस्थेच्या अभ्यासात मोठं नाव कमावलं. बोकारो स्टील प्लांटला मिळालेल्या सोव्हिएत मदतीवरचा अभ्यास त्यांचा. कोलंबियात प्राध्यापक, २००९ ला पद्मभूषण, २०२३ मध्ये निधन. प्रश्न ८ मधल्या १९७० च्या पुस्तकाला "भगवतींचं पुस्तक" म्हणणाऱ्यांनी मुखपृष्ठावरचं दुसरं नाव पण वाचावं.

१२. क्रुगमनचा पेपर त्यांनी वाचवला हे खरं की दंतकथा?

खरं आहे. पॉल क्रुगमन एमआयटीचे. १९७९ चा त्यांचा लेख, ज्यात मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनामुळे सारखेच देशही एकमेकांशी का व्यापार करतात ते मांडलंय, तो जर्नल ऑफ इंटरनॅशनल इकॉनॉमिक्सकडे आला तेव्हा परीक्षकांचे शेरे चांगले नव्हते. संपादक भगवतींनी स्वतःच्या जबाबदारीवर छापला. २००८ ला क्रुगमनना नोबेल मिळालं त्यात या लेखाचा मोठा वाटा.

मला यात आवडतं ते असं की या नव्या थिअरीतून पुढे सरकारी हस्तक्षेपाला नवीन युक्तिवाद मिळाले, जे भगवतींना फारसे रुचणारे नव्हते. तरी छापला. शोधनिबंध पाठवून वर्षभर वाट बघणाऱ्यांना या किश्शाची किंमत कळेल. जीन ग्रॉसमन, रॉबर्ट फीन्स्ट्रा हे आजचे मोठे व्यापार-अर्थतज्ज्ञ पण त्यांचेच विद्यार्थी.

आणि हो, स्वतः भगवतींना नोबेल का नाही, हा पण प्रश्न येतोच. समिती कारणं सांगत नाही, त्यामुळे जो सांगेल तो अंदाजच. २०१० मध्ये एका अमेरिकन कार्टून मालिकेत मात्र त्यांना ते मिळालेलं दाखवलंय.

१३. १९९१ च्या सुधारणा भगवतींनी केल्या का?

नाही. केल्या नरसिंह रावांच्या सरकारने, अर्थमंत्री मनमोहन सिंग, आणि परकीय चलन संपत आलं होतं म्हणून. जुलै १९९१ ला दोन हप्त्यांत अवमूल्यन, २४ जुलैच्या बजेटमध्ये सगळ्यात वरचं आयातशुल्क १५० टक्क्यांवर आणलं. हो, "कमी करून" १५०. यावरून आधी काय असेल ते समजा.

पण विचारांचा रस्ता आधीच कोणीतरी केलेला असतो. मनमोहन सिंगांचा स्वतःचा ऑक्सफर्डचा प्रबंध भारताच्या निर्यातीवरच होता, आणि भगवती एमआयटीला गेल्यावर १९६९ ते ७१ दिल्ली स्कूलला आंतरराष्ट्रीय व्यापाराचे प्राध्यापक म्हणून मनमोहन सिंगच होते. म्हणजे त्यांना भगवतींकडून नव्याने शिकायचं होतं अशातला भाग नाही. १९९३ ला भगवती-श्रीनिवासन यांनी अर्थ मंत्रालयासाठी सुधारणांवर अहवाल लिहिला. श्रेय द्यायचंच तर एवढं द्या की वीस वर्षं आधी, जेव्हा हे बोलणं म्हणजे बिरादरीबाहेर जाणं होतं, तेव्हा ते आकड्यांसकट बोलले.

१४. सेन बरोबर की भगवती?

या प्रश्नावर भांडणं होतात म्हणून जपून. २०१३ च्या आसपास वाद पेटला, एकीकडे अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ, दुसरीकडे भगवती आणि अरविंद पनगढिया. टीव्हीवर तो "शिक्षण-आरोग्य विरुद्ध वाढ" आणि मग "काँग्रेस विरुद्ध मोदी" असा झाला, कारण भगवती-पनगढियांनी गुजरात मॉडेलची बाजू घेतली होती.

प्रत्यक्षात भगवतींचं म्हणणं क्रमाचं होतं. आधी वाढ, तिच्यातून लोकांना काम मिळतं आणि सरकारला महसूल मिळतो, मग त्या महसुलातून पुनर्वाटप. दुसरी पायरी नकोच असं ते म्हणत नाहीत. सेन म्हणतात, शिकलेली आणि निरोगी माणसं नसतील तर वाढ टिकणारच नाही, पूर्व आशियाने हे आधी केलं. माझं मत असं की पूर्व आशियाच्या बाबतीत सेन यांचा मुद्दा जड आहे, आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या भारताच्या बाबतीत भगवतींचा, कारण वाटायलाच काही नव्हतं. दोघांच्या मूळ संशोधनाला या वादाने काही फरक पडत नाही, आणि भगवतींना फक्त या भांडणासाठी ओळखणं म्हणजे अन्याय.

१५. मी न्यू जर्सीला असतो. "भगवती टॅक्स" मला लागू होतो का?

घाबरू नका, असा कर कुठे लागलेला नाही. १९७० च्या दशकात त्यांनी प्रस्ताव मांडला होता: गरीब देशातून शिकून श्रीमंत देशात गेलेल्या डॉक्टर-इंजिनीअरने तिथल्या उत्पन्नावर थोडा जादा कर भरावा आणि तो मायदेशाच्या विकासाला जावा. अमेरिका आपल्या नागरिकांना जगात कुठेही कमावलं तरी कर लावते, मग आपण का नाही, अशी दिशा. पुढे त्यांचा भर बदलला, परदेशातले आपले लोक म्हणजे नुकसान न धरता त्यांचे संबंध, पैसा, ज्ञान यांचा उपयोग करून घ्या असं म्हणू लागले. मुंबईहून गेलेल्या प्राध्यापकाने हा प्रस्ताव मांडावा म्हणजे स्वतःवरच कर सुचवण्यासारखं होतं, ही बाजू कोणी सांगत नाही.

१६. मुक्त व्यापाराचा एवढा पुरस्कार, मग मुक्त व्यापार करारांना विरोध का?

कारण दोन देशांचा करार म्हणजे त्या दोघांपुरता मोकळा आणि बाकीच्यांना बंद. असे शेकडो करार एकमेकांत गुंतले की प्रत्येक वस्तूला "तू मूळची कुठली" हे विचारावं लागतं. शर्ट बांगलादेशात शिवला, कापड चीनचं, बटणं आणखी कुठली, मग कुठला दर? या गुंत्याला त्यांनी १९९५ मध्ये स्पघेटी बोल (एकमेकांत गुंतलेल्या शेवयांचा वाडगा) म्हटलं आणि ते नाव चिकटलं. त्यांचा कौल सगळ्यांसाठी एकच नियम असणाऱ्या व्यवस्थेला, म्हणजे गॅट आणि डब्ल्यूटीओला. आणि डब्ल्यूटीओत पण पेटंट, कामगार कायदे वगैरे घुसडायला त्यांचा विरोध होता.

आणखी एक अपवाद, आणि हा फार महत्त्वाचा. १९९७ च्या आशियाई संकटानंतर १९९८ ला त्यांनी ठणकावून लिहिलं की मालाचा मुक्त व्यापार आणि भांडवलाचा मुक्त वावर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिल्याचे फायदे सिद्ध आहेत, दुसऱ्याचे फक्त गृहीत धरलेत. वॉल स्ट्रीट आणि अमेरिकन अर्थखातं यांच्या साटंलोट्यावर पण बोट ठेवलं. "सरसकट बाजारवादी" असा शिक्का मारणाऱ्यांना हे दाखवा.

१७. टॅरिफ कमी झाल्याने ग्रामीण भारतात गरिबी कमी होणं मंदावलं असा अभ्यास आहे ना?

आहे. पेटिया टोपालोव्हा यांचा, २०१० चा. ज्या जिल्ह्यांतल्या उद्योगांवरचं टॅरिफ जास्त घटलं तिथे गरिबी इतरांच्या तुलनेत कमी वेगाने घटली. इथे "तुलनेत" हा शब्द खाऊ नका. देशभरात व्यापाराने गरिबी वाढली असं हा अभ्यास म्हणत नाही, जिल्ह्याजिल्ह्यातला फरक सांगतो. आणि कारण म्हणून माणसं कामासाठी दुसरीकडे फारशी हलली नाहीत हे दिसतं, कामगार कायदे ताठर असलेल्या राज्यांत परिणाम जास्त.

भगवतींची बाजू घेणारे यावर प्रश्न ६ दाखवतात: दुखणं कामगारांच्या हालचालीत आहे, औषध तिथे द्या. तर्क बरोबर. पण ज्याची नोकरी गेली त्याला ते औषध मिळालंच नाही हेही खरं, आणि "भरपाई देता येईल" आणि "भरपाई दिली" यातलं अंतर व्यापाराच्या अर्थशास्त्राने फार वर्षं हलक्यात घेतलं. माझ्या मते त्यांच्या परंपरेवरचा सगळ्यात जड आक्षेप हाच आहे, सेन यांचा नाही.

१८. मला पण असं करिअर करायचंय. १९५८ सारखा छोटा लेख लिहून आज चालेल का?

नाही. आज पीएचडीच्या शेवटी जो मुख्य लेख घेऊन नोकरीसाठी उभं राहतात तो परिशिष्टांसह खूप लांब असतो आणि बहुतेक वेळा त्यात डेटा लागतो: कस्टम्सच्या नोंदी, कंपन्यांची माहिती, उद्योगांचं वार्षिक सर्वेक्षण. बीएला असाल तर कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा पक्कं करा, जमलं तर रिअल ॲनालिसिस, आणि आर किंवा स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरपैकी एक तरी. आपल्याकडे पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट, मुंबईत विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग आणि गोरेगावचं आयजीआयडीआर (इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था), दिल्लीत दिल्ली स्कूल आणि आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट). अमेरिकेतल्या चांगल्या पीएचडीला फी माफ आणि वर स्टायपेंड मिळतो, त्यामुळे "पैसे नाहीत" म्हणून आधीच सोडू नका, पण पाच-सहा वर्षं जातात हे घरी आधीच सांगून ठेवा.

१९. मोठ्या देशाला टॅरिफचा फायदा होतो हे त्यांच्याच थिअरीत आहे. मग अमेरिकेच्या टॅरिफला ते विरोध कसा करणार?

चलाख प्रश्न. प्रश्न ५ मध्ये म्हटलंय तसं, बाजारात ताकद असलेल्या देशाला कागदावर योग्य तेवढं टॅरिफ फायद्याचं ठरतं. पण तो फायदा समोरच्याने गप्प बसावं या अटीवर असतो. समोरच्याने उत्तर दिलं की हिशोब फिरतो.

आणि हे नवीन नाहीये. १९८९ मध्ये अमेरिकेने सुपर ३०१ नावाच्या तरतुदीखाली जपान, ब्राझील आणि भारत यांची नावं घेतली होती, बाजार उघडा नाहीतर कारवाई करू. भगवतींनी तेव्हाच याला आक्रमक एकतर्फीपणा म्हणत झोडलं, आरोप करणाराच न्यायाधीश झाला तर नियमांना अर्थ काय, असा मुद्दा. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ लागलं तेव्हा ते १९८९-९० चं लिखाण काढून वाचलं तर देशांची नावं सोडून फारसं काही बदलावं लागत नाही. भारताने तेव्हा वाटाघाटीला बसायलाच नकार दिला होता, आणि शेवटी अमेरिकेने कारवाई केली नाही.